कडू शेजार

मुंबईच्या माणसाची समुद्राशी ओळख भेळेच्या अंगाने होते. गिरगावच्या चौपाटीवर वाळूत फतकल मारून बसावे, पुड्यातली भेळ संपवावी आणि हात पुसता पुसता, समोर एवढे मोठे पाणी कशासाठी ठेवले आहे बरे, असा क्षणभर विचार करावा, एवढीच आपली सागरभक्ती. वर्षातून एकदा अनंत चतुर्दशीला आपण गुडघाभर पाण्यात उतरतो, तेही गणपतीबाप्पांना पोचवायला. ज्यांच्या घरी चालते त्यांची ओळख जरा पुढे, म्हणजे बांगडा, सुरमई, तिसऱ्या आणि कालवे इथपर्यंत जाते. पण ती ओळखही ताटातली. जो समुद्र ताटात येत नाही, तो आपल्या गावीही नसतो.

याला अपवाद एकच, तो पोवळ्याचा. मंगळ बिघडला की ज्योतिषी पोवळे सुचवतात आणि आपण ते अंगठीत बसवून घेतो. पुष्कळ घरांतून मंगळसूत्रात काळ्या मण्यांच्या जोडीला पोवळी ओवण्याची चाल आहे. परंतु ही लाल गोटी खाणीतून येत नसून एका जिवंत प्राण्याच्या अंगातून येते, हे अंगठी घालणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते? सराफाकडचे नामांकित लाल पोवळे भूमध्य समुद्राच्या तळाशी झुडपासारखे वाढते. त्याच्या लाल फांद्यांवर फुलासारखे इवले इवले पांढरे जीव बसलेले असतात. प्रत्येकाला आठ हात, आणि प्रत्येक हात पिसासारखा कातरलेला. फांदी ही त्या सगळ्यांनी मिळून बांधलेली चाळ. जीव गेले की आपण चाळीचे दगड अंगठीत बसवतो. आणि गंमत अशी की, मंगळासारख्या तापट ग्रहाला जे आवरते म्हणतात, त्या पोवळ्याला त्याच्या स्वतःच्या घरी एक नखाएवढी गुलाबी गोगलगाय खुशाल कुरतडत असते. तिला मंगळाचे भय नाही आणि पोवळ्याचेही नाही.

ही गोगलगाय माझ्या आयुष्यात आली ती फार उशिरा, आणि माझ्या पुतणीच्या हट्टामुळे. २०१७ साली मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ नावाचा एक उपक्रम सुरू झाला. मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी लोकांना नेऊन तिथले जीव दाखवायचे, असा त्यातल्या मंडळींचा उद्योग. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी आमची पुतणी त्यांच्याबरोबर एकदा जाऊन आली आणि दुसऱ्या खेपेस मला ओढून घेऊन गेली. “काका, हाजी अलीला चला. जुने बूट घाला आणि पांढरी पँट नको,” एवढीच तिची सूचना होती. हाजी अलीला मी शेकडो वेळा गेलो होतो. पण ते ज्यूस सेंटरपर्यंत. दर्ग्याच्या वाटेच्या बाजूला ओहोटीने उघडे पडलेले ते काळे खडक, त्यांचा वास, त्यांतली डबकी, हे सारे मी नाकाला रुमाल लावून बसच्या खिडकीतूनच पाहत आलो होतो.

त्या दिवशी मी ओणवा होऊन डबक्यात पाहिले. प्रथम काहीच दिसले नाही. मग पुतणीने बोटाने दाखवले तसतसे खडकच हलू लागला. एका खडकावर हिरव्या बटणांचा गालिचा अंथरला होता. प्रत्येक बटणाला बारीक झालर, आणि पाण्याबाहेर उरलेली बटणे तोंड मिटून बसलेली. “हे झोअँथिड,” ती म्हणाली. “प्रवाळांचे भाईबंद. यांच्या अंगात हाड नाही, कवच नाही.” पलीकडे एका कपारीत दगडाला दगडासारखेच चिकटलेले करड्या रंगाचे खरे प्रवाळ होते, आपल्या हाताच्या पंजाएवढे. मुंबईत, गटारांच्या तोंडाशी आणि मोटारींच्या धुरात, प्रवाळ राहते! अंदमानला किंवा लक्षद्वीपला जाऊन काचेच्या तळाच्या होडीतून जे पाहायचे असते, ते वरळीच्या बसच्या रस्त्यापासून शंभर पावलांवर असावे, याचे मला जितके आश्चर्य वाटले तितकीच शरमही. शेजाऱ्याचे नाव पन्नास वर्षांनी कळावे, तसे काहीसे झाले.

जवळच एक कोळीण खडकावरची कालवे हातोडीने फोडून डब्यात भरत होती. ती कालवे फोडी आणि हिरव्या बटणांना वळसा घाली. मी बोट पुढे करताच ती म्हणाली, “दादा, त्याला हात नको लावू. कोन खात नाय ते. मासा बी खात नाय.”

तिच्या या वाक्यावर मी नंतर कित्येक महिने विचार करीत होतो. कारण पाहा, कालवाला दगडासारखे कवच आहे. ते फोडायला हातोडी लागते. तरी त्याला खाणारे शंभर. आणि हे बटण लोण्यासारखे मऊ, एका जागी चिकटलेले, पळता न येणारे. तरी त्याला कोणी खात नाही. समुद्रात तर जो तो दुसऱ्याला खायला टपलेला. मग हा मऊपणा टिकला कसा?

पुतणीने पुस्तके आणून दिली आणि मी म्हातारपणी अभ्यासाला लागलो. त्यातून जे कळले ते थोडक्यात सांगतो.

उष्ण समुद्रातल्या प्रवाळभिंतींवर मऊ प्रवाळ नावाची एक मोठी जमात राहते. पोवळ्याचेच हे आठहाती नातेवाईक. पण यांना पोवळ्यासारखा कणा नाही. कुणी चामड्याच्या टोपीसारखे, कुणी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, कुणी पाण्यात डोलणाऱ्या झुडपासारखे. त्यांचे आणखी एक भावंड म्हणजे समुद्रपंखा; जाळीदार, चपटा, विंझण्यासारखा. या सगळ्यांची हत्यारे तीन. पहिले हत्यार डंखाचे. हातांवर सूक्ष्म डंखपेशी असतात. पण आठहाती घराण्यात हे हत्यार बोथटच. दुसरे हत्यार सुयांचे. अंगाच्या मांसात चुन्याच्या बारीक सुया आणि काटे ठासून भरलेले असतात. साबुदाण्याच्या खिचडीत कुणी शेंगदाण्याच्या कुटाऐवजी टाचण्या घातल्या, तर पहिल्या घासानंतर आपण ताट सरकवू की नाही, तोच हिशेब. या सुयांनी शरीराला ताठपणा येतो आणि खाणाऱ्याला अद्दलही घडते.

परंतु खरे हत्यार तिसरे, आणि ते म्हणजे कडूपणा. कापूर, टर्पेंटाइन आणि कडुलिंबाचा कडूपणा हे ज्या रसायनांच्या मोठ्या गोतावळ्यातले, त्याच गोतावळ्यातली द्रव्ये मऊ प्रवाळ आपल्या अंगात तयार करतात. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल येथे जॉन कोल नावाचे रसायनशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या सुमारास मऊ प्रवाळांच्या अनेक जाती आणून त्यांचा अर्क लहान माशांच्या पाण्यात घालून पाहिला. जवळजवळ निम्म्या जाती माशांना विषारी ठरल्या. पुढे असेही दिसले की, हे विष केवळ खाणाऱ्यासाठी नसते. शेजारी कठीण प्रवाळ अंगावर येऊ लागले तर मऊ प्रवाळ आपली द्रव्ये पाण्यात सोडून त्यालाही मागे रेटते. जागेची टंचाई मुंबईतच आहे असे नव्हे.

काही ठिकाणी ही हत्यारे वाटूनही दिलेली असतात. कॅरिबियन समुद्रातल्या एका समुद्रपंख्याच्या कुळात १९८९ साली असे आढळले की, फांद्यांच्या कोवळ्या शेंड्यांत कडू द्रव्ये जास्त आणि बुंध्याकडे सुया जास्त. त्याच समुद्रातल्या दुसऱ्या एका जातीच्या अंगात १९६९ साली प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य इतके विपुल सापडले की औषधांचे कारखानदार तिकडे धावले. कारण हीच द्रव्ये माणसाच्या शरीरात प्रसूतीच्या कळांपासून तापापर्यंत अनेक गोष्टी चालवतात. प्रवाळाला प्रसूतीशी काय कर्तव्य? काहीच नाही. ते द्रव्य पोटात गेले की माशाला ओकारी होते, आणि तो मासा पुन्हा त्या वाटेला जात नाही. एवढ्यासाठी त्या बिचाऱ्याने हा दवाखाना मांडला होता.

हाजी अलीच्या हिरव्या बटणांच्या भावकीतली एक हकीकत तर दिवाळी अंकातल्या रहस्यकथेला लाजवील अशी आहे. हवाई बेटांत माउई येथे हाना गावाजवळ एका डबक्यात मृत्यूचे शेवाळ उगवते आणि ते भाल्याला चोळले की शत्रू वाचत नाही, अशी दंतकथा होती. गावकऱ्यांनी एका नरभक्षक माणसाला जाळून त्याची राख तिथे टाकली, त्यातून ते उगवले म्हणे. ते तोडणाऱ्यावर संकट येते, असाही समज होता. ३१ डिसेंबर १९६१ रोजी शास्त्रज्ञांनी तिथून नमुने तोडून आणले, आणि त्याच दिवशी हवाईच्या सागरी प्रयोगशाळेची मुख्य इमारत आगीत जळाली! आग हा योगायोग. पण विष मात्र खरे निघाले. ते शेवाळ नव्हतेच, झोअँथिड होते. रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी १९७१ मध्ये ते विष वेगळे करून दाखवले, आणि ते जगातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक ठरले. सगळेच झोअँथिड इतके जहाल नसतात. परंतु आमच्या कोळणीने वळसा घातला तो उगीच नव्हे.

आता गोगलगाईकडे येतो. एवढा बंदोबस्त पाहून समुद्रातले बहुतेक खाणारे परत फिरतात. मात्र काही गोगलगायी परत फिरत नाहीत. हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंत एक पांढरीशुभ्र कवडी राहते. ती अंड्यासारखी दिसते म्हणून तिला अंडकवडी म्हणू या. तुळजाभवानीच्या भुत्याच्या गळ्यातल्या कवड्यांची ती चुलत बहीण. पॅसिफिकमधली बेटकरी मंडळी आपल्या होड्यांच्या नाळेवर तिची आरास करीत. हिचे कवच पांढरे. पण जिवंतपणी ती अंगावर काळ्या मांसाची, बारीक ठिपक्यांची शाल ओढून बसते. ही शालीतली बाई विषारी मऊ प्रवाळावर चढते, कानशीसारख्या जिभेने त्याचे मांस खरवडते आणि निवांत जेवते. तिला बाधत कसे नाही? १९८३ साली कोल यांच्याच मंडळींनी याचा छडा लावला. प्रवाळातले जहाल द्रव्य पोटात गेले की, ही गोगलगाय त्याचे थोडे रूप पालटून त्याला सौम्य करते आणि बाहेर टाकते. ती विष टाळत नाही. ती ते पचवायला शिकली आहे.

कॅरिबियनमध्ये हिचीच एक देखणी बहीण आहे. तिच्या शालीवर नारिंगी चकंदळे असतात. ती त्या ओकारी आणणाऱ्या समुद्रपंख्यावरही जेवते आणि तिच्या पचनसंस्थेत विष मोडून टाकणारे पाचकरस भरपूर असतात. तिची एक गोष्ट मला फार आवडली. ती एका पंख्याचा सगळा फडशा सहसा पाडीत नाही. थोडे खरवडते, पुढल्या पंख्यावर जाते, आणि मागची जखम पुष्कळदा भरून येते. काही लहान गोगलगायी तर आयुष्यच एका पंख्यावर काढतात. पंखा लाल तर त्या लाल, पंखा पिवळा तर त्या पिवळ्या. त्यांच्या शालीवर उंचवटेही असे, की ते प्रवाळाचे मिटलेले जीवच वाटावेत. कवच चातीसारखे लांबट आणि फांदीच्या रोखाने बसवलेले. तिथेच त्या खातात, तिथेच अंडी घालतात. हिरव्या बटणांवरही जेवणाऱ्या काही गोगलगायी आहेत. त्यांचे कवच खालून पाहिले तर चाळीतल्या गोल जिन्यासारखे दिसते.

हे चातीचे चित्र पुस्तकात पाहिले आणि मी चमकलो. ही वस्तू मी लहानपणी पाहिली होती, आणि तीही गिरगावात, आत्याच्या खोलीत.

आत्याच्या दारावर एका चौकटीत काचेमागे ‘इंद्रजाल’ लावलेले होते. अण्णांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, ते पदपथावरच्या एका वैदूकडून घेतले होते. करणी, दृष्ट, बाहेरची बाधा, सगळ्यांवर तो एकच उतारा. ही कुठल्यातरी जंगलातली वनस्पती, असे वैदूने सांगितले होते. प्रत्यक्षात इंद्रजाल म्हणून विकला जातो तो वाळवलेला समुद्रपंखा, नाहीतर काळे प्रवाळ. २००१ पासून वन्यजीव कायद्याने त्याला वाघाच्या पंगतीला बसवले आहे. विकणे आणि विकत घेणे दोन्ही गुन्हा. अण्णांच्या काळी तसे काही नव्हते. त्या जांभळट जाळीच्या एका काडीवर त्याच रंगाचा, गव्हाच्या दाण्याहून जरा मोठा, दोन्ही टोकांना निमुळता असा एक दाणा चिकटलेला होता. मी विचारले तेव्हा अण्णा म्हणाले होते, “ते त्या झाडाचं फळ.” पुढे एका पावसाळ्यात चौकटीचा खिळा निसटला, काच फुटली आणि इंद्रजालाचा चुरा झाला. ते फळ म्हणजे कोण होते, हे मला पन्नास वर्षांनी समजले. पंखा मेला तेव्हा त्याला खाणारीही त्याला चिकटून त्याच्याबरोबर वाळली होती.

आत्याचा विषय निघालाच आहे, तर पुढचेही सांगतो.

आमची आत्या म्हणजे आठ हात नसलेले मऊ प्रवाळ. पाच फुटांच्या आतली उंची, कापसासारखे अंग, आणि लग्न होऊन आली त्या दिवसापासून एकाच खोलीत साठ वर्षे मुक्काम. तिला कुणी कधी दुखवू शकले नाही, याचे कारण तिची जीभ. भाडे वसूल करायला येणारा मेहता तिच्या दाराशी आला की चष्मा काढून खिशात ठेवी. भांडीवाल्या बोहारणी तो मजलाच टाळीत. चाळ पाडून मनोरा बांधायचे घाटत होते, तेव्हा सह्या घ्यायला आलेली इस्त्रीच्या कपड्यांतली तरुण मंडळी पहिल्या पाच मिनिटांत घामाघूम होऊन जिना उतरली. शिव्या ती कधी देत नसे. “बसा, चहा घेता? तुमच्या आईनं तुम्हाला दुसऱ्याच्या घरात चपला घालून शिरायला शिकवलंय का?” एवढे पुरे होई. कडुलिंबाचा रस साखरेच्या वाटीतून.

या जिभेला चाळीस वर्षे पचवून राहिलेली एकच व्यक्ती होती. समोरच्या काकू. आत्याच्या दारासमोर त्यांचे दार. मध्ये चार फुटांची गॅलरी आणि एक सामाईक नळ. दुपारी चार वाजता नळाला पाणी येई आणि त्याबरोबर भांडणही. बादली आधी कुणाची, धार जाड कुणाला मिळाली, कळशी घासताना राख कुणाच्या उंबऱ्यावर उडाली, विषयांना तोटा नसे. आत्याने बोलावे, काकूंनी ऐकावे, कळशी भरून शांतपणे आत जावे, आणि रात्री आत्याच्याच घरची आमटी वाटीभर मागून न्यावी. आत्याही ती द्यायची. वर “मीठ तुमच्या हिशेबानं कमीच घातलंय” असे ऐकवायची. आम्हां मुलांना वाटे, या दोघी हाडवैरिणी. अण्णा गेले तेव्हा तेरा दिवस आत्याच्या चुलीपाशी काकूच होत्या, हे आम्ही पाहिले आणि तरीही आमचे मत बदलले नाही.

शेवटी इमारत धोकादायक ठरली आणि चाळ रिकामी करण्याची वेळ आली. नवी इमारत होईपर्यंत आत्याला आम्ही लालबागला भाड्याच्या जागेत नेले; चौदावा मजला, लिफ्ट, स्वयंपाकघरात चोवीस तास पाणी. काकू मुलाकडे डोंबिवलीला गेल्या. बाकीची बिऱ्हाडे कुठे कुठे पांगली. हे सगळे ठरत होते त्याच सुमाराला वर्तमानपत्रांत एक बातमी आली, आणि ती आत्याला वाचून दाखवणारा मीच होतो.

समुद्राकाठच्या नव्या रस्त्यासाठी, म्हणजे मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतच्या कोस्टल रोडसाठी, हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावर भराव घालायचा होता. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहेत हे दाखवून दिले गेले होते, आणि प्रवाळ कायद्याने संरक्षित. तेव्हा परवानग्या घेऊन २०२० च्या अखेरीस प्रवाळांच्या अठरा वसाहती तिथून हलवण्यात आल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी हे काम केले. काही वसाहती वरळीजवळच दुसऱ्या जागी नेल्या, काही कुलाब्याच्या बाजूला. दगडाला चिकटलेला जीव दुसऱ्या दगडावर वसवायचा म्हणजे फार नाजूक काम. ओहोटी गाठायची, अंग सुकू द्यायचे नाही, नव्या जागी लाट तशीच आहे का, पाणी तसेच आहे का, हे पाहायचे.

आत्याने बातमी ऐकून घेतली आणि विचारले, “आणि त्यांचे शेजारी?”

मला उत्तर देता आले नाही. प्रवाळाचे नाव कायद्याच्या यादीत आहे. हिरव्या बटणांचे काय, त्यांच्यात लपणाऱ्या खेकड्यांचे काय, त्यांच्यावर जगणाऱ्या गोगलगायींचे काय? प्रवाळ हलवणाऱ्यांना दोष द्यावा असे मी म्हणत नाही. त्यांनी जे हलवता येण्याजोगे होते ते निगुतीने हलवले. वसाहत उचलता येते. शेजार उचलता येत नाही, एवढेच.

इथे पुस्तकातली एक गोष्ट मला नव्याने उमगली. आपण समजतो की प्रवाळ नाहीसे झाले तर त्याच्या शत्रूला आनंद होईल. त्याला काय, तो दुसरीकडे जेवील. ज्याला काहीही चालते अशा माशाची गोष्ट तशी असेलही. परंतु ज्या गोगलगाईने पिढ्यान् पिढ्या खर्चून एकाच कुळाचे विष पचवण्याची विद्या मिळवली, जिने आपली शाल एकाच पंख्याच्या रंगाची विणली, ती कुठे जाणार? तिची सारी हुशारी त्या एका कडूपणापुरती. बाकीच्या जगाला तो पंखा कडू म्हणून नकोसा. तिला मात्र त्याच्यावाचून घर नाही. म्हणजे प्रवाळाची उणीव सगळ्यांत जास्त कुणाला भासावी? तर जी त्याला जन्मभर कुरतडत आली, तिला.

लालबागला गेल्यावर पहिले आठ दिवस आत्या गप्प होती. चोवीस तास पाणी होते. भांडण कशावरून करायचे? शेजारच्या ब्लॉकमधली माणसे सुशिक्षित आणि सभ्य. दार बंद ठेवणारी. आत्याने एकदा त्यांच्या चपलांच्या स्टँडवरून एक बारीकसा बाण सोडून पाहिला, तर त्या बाईंनी “सॉरी हं आजी” म्हणून स्टँड आत घेतला. आत्या त्या दिवशी जेवली नाही. आम्ही डॉक्टर आणला. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, टॉनिक लिहून दिले. टॉनिकाने काही झाले नाही.

नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला. पलीकडून समोरच्या काकू. “काय हो, तुमची पितळेची कळशी आमच्या सामानात आलीय. मुद्दाम टाकलीत की काय?” मी पाहत होतो. आत्या खुर्चीत सरळ बसली. तिच्या डोळ्यांत पाणी की चमक, मला ठरवता येईना. “तुमच्याकडे कळशी होतीच कुठे कधी? म्हणून दिली असेल देवानं,” ती म्हणाली, आणि मग अर्धा तास तो फोन चालला. घड्याळात चार वाजले होते. त्यानंतर रोज चार वाजता, म्हणजे गिरगावात नळाला पाणी यायच्या वेळी, डोंबिवलीहून फोन येतो. कळशी अजून परत आलेली नाही. ती परत मागायची नाही, असे आत्याने आम्हांला बजावले आहे.

शास्त्रज्ञ माझ्यावर रागावतील. गोगलगायीला माया नसते, प्रवाळाला आठवण नसते, हे मलाही कळते. गोगलगाय खाते कारण तिला भूक लागते. प्रवाळ कडू होते कारण जी कडू झाली नाहीत ती उरली नाहीत. यात कुणाचा लोभ नाही आणि कुणाचे वैर नाही. परंतु मला यातून एक साधी गोष्ट कळली. एका जागी राहणाऱ्यांचा कडूपणा हा त्यांच्या जागेचाच एक भाग असतो. तो त्यांनी हवेत शिकलेला नसतो. कोण कुठून चढून येते, कुणाला किती खाऊ द्यायचे, कुणाला पहिल्या घासालाच परतवायचे, हे सारे जुने, मुरलेले व्यवहार असतात. आपण माणसे हलवतो, प्रवाळ हलवतो, चौरस फूट मोजून जागा देतो. मात्र हा व्यवहार कुठल्याच कागदावर नसतो. निदान हलवण्यापूर्वी समोरच्या दारात कोण राहते एवढे तरी विचारावे. आत्याच्या नव्या इमारतीत खोल्या वाटताना तिच्या समोरचे दार काकूंना मिळावे, असा अर्ज मी सोसायटीकडे केला आहे. कारण या रकान्यात मी ‘जुने भांडण’ असे लिहिले. सेक्रेटरी हसले, पण त्यांनी अर्ज ठेवून घेतला. ते त्याच चाळीत वाढलेले आहेत.

वाचकहो, दिवाळीत आपण नरकचतुर्दशीच्या पहाटे अंघोळ करून अंगठ्याने कारीट फोडतो आणि त्याचा कडू रस जिभेला लावतो. फराळाच्या ताटाआधी तो कडूपणा का, हे मला कुणी नीट सांगितले नव्हते. आता मी माझ्यापुरता अर्थ लावून घेतला आहे. दुसऱ्या दिवसाच्या आगेमागे अमावास्या असते, आणि अमावास्येच्या सुमाराला समुद्र खूप दूर हटतो. मुंबईच्या किनाऱ्यावर ती मोठी ओहोटी पहाटेच्या सुमारास येते आणि पुन्हा तिन्हीसांजेला. कोस्टल रोडने गिळला नाही असा पुष्कळ खडक अजून शिल्लक आहे. फराळ झाल्यावर, पाहुणे निघाल्यावर, मुलांना घेऊन एकदा जा. जुने बूट घाला. डबक्यात ओणवून थोडा वेळ नुसते पाहा. तोडू नका, उचलू नका. आणि एखाद्या कोळणीने हात लावू नको म्हणून सांगितले, तर तिचे ऐका.